‘पुढच्या आठवड्यात देतो’ आणि ९० दिवस

तर मंडळी, आजचा विषय कॅलिफोर्नियाचा. तिथे बांधकामाचे पैसे अडकले की कॉन्ट्रॅक्टरच्या हातात असतो मेकॅनिक्स लीन. ज्या घरावर काम केलं, त्याच घरावर थकबाकीचा बोजा. आपल्याकडे सातबाऱ्यावर चढतो ना, साधारण तसाच. घर विकताना आडवा येतो, म्हणून मालक ऐकतो.

पण हा हक्क मुदतीवर चालतो. मी कोड लिहिणारा, मला हे सरळ टाइमआउट वाटतात. सबकॉन्ट्रॅक्टरने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत प्रिलिमिनरी नोटीस द्यायची. काम संपल्यावर ९० दिवसांत काउंटी रेकॉर्डरकडे लीन नोंदवायचा. मालकाने काम संपल्याची नोटीस नोंदवली असेल, तर सबकॉन्ट्रॅक्टरला फक्त ३०! लीन नोंदवला की ९० दिवसांत कोर्टात दावा, नाहीतर सगळं बाद.

मालक ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणतो, तेव्हा हे घड्याळ आपोआप थांबत नाही. गोड बोला, हप्ते ठरवा, पण तारीख सोडू नका.

आणि खरी गोम सहीत आहे. चेक देताना मालक वेव्हरचा कागद पुढे करतो. ‘अनकंडिशनल’वर सही केली आणि चेक बाउन्स झाला, तरी ती सही तुम्हाला बांधते. ‘कंडिशनल’ मागा, तो पैसे खरंच मिळाल्यावरच लागू होतो.