छायाचित्राचा धनी कोण?

भिलाईच्या मैत्रीबागेत एखादा हौशी छायाचित्रकार तासन्‌तास तिष्ठत बसतो आणि पांढऱ्या वाघाची एखादी दुर्मीळ मुद्रा टिपतो. त्याच क्षणी, कोणतीही नोंदणी न करता, १९५७ च्या प्रताधिकार कायद्यान्वये तो त्या चित्राचा धनी ठरतो.

पुढे ते चित्र तो ‘शटरस्टॉक’सारख्या आंतरजालावरील चित्रभांडारात ठेवतो. तेथे विकला जातो तो केवळ चित्राचा वापर. स्वामित्व त्याच्याकडेच राहते. मोबदला मात्र तुटपुंजा. या भांडाराने २०२० साली लागू केलेल्या श्रेणींत छायाचित्रकाराचा वाटा १५ टक्क्यांपासून सुरू होतो, आणि दर जानेवारीत मोजणी पुन्हा तेथूनच होते. त्यातच कोणी ते चित्र उचलून स्वतःच्या नावाने विकू लागला, तर त्या अल्प मिळकतीवरही घाला पडतो.

कायद्याचे कलम ५७ कर्त्याला नावाचा हक्क देते. कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या अपहारास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगते. परंतु अपहार हुडकून तो शाबीत करण्याचे ओझे बहुधा कर्त्यावरच येते. म्हणूनच मूळ प्रत, तिच्यात नोंदलेल्या दिनांकासह, जपून ठेवणे हे छायाचित्रकाराचे पहिले संरक्षण होय.