लॉकमध्ये बोटे सांभाळा
नेदरलँड्समध्ये समुद्रातून नॉर्थ सी कालव्याने आम्स्टरडॅमला जायचे, तर शिडाच्या नौकेला आयमाउडेनचे लॉक ओलांडावे लागते. दोन दरवाजांमधल्या या हौदात पाणी चढते-उतरते, तसा नौकेचा दोर सैल करावा किंवा ओढून घ्यावा लागतो. तो हाताला गुंडाळला, तर कित्येक टनांच्या नौकेचा ताण बोटांवर येतो. अंगठी अडकल्यास कातडी सोलून निघते. म्हणून अंगठी आधीच काढावी. दोराचा वेढा नौकेवरच्या खुंट्याला द्यावा, हातात फक्त टोक धरावे. नौका आणि भिंत यांच्यामध्ये हातपाय घालू नयेत. बोट तुटलेच, तर ते स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. जखमेवर दाब द्यावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे.