नवऱ्यामागची पेन्शन: ऐकीव गोष्टी आणि नियम

साताऱ्याचं अपशिंगे असो की कोल्हापूर-सांगलीकडची इतर फौजी गावं, माजी सैनिक गेला की दहाव्याच्या आधीच घरात सल्ले सुरू होतात. ‘पेन्शन त्यांची होती, त्यांच्याबरोबर गेली.’ ‘शहीद झाले असते तर काहीतरी मिळालं असतं.’ सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण अशा एका वाक्यावर विसंबून बायका वर्षानुवर्षं लेकासुनेपुढे हात पसरतात, तेव्हा फार वाईट वाटतं, कारण पैसा त्यांच्या हक्काचा असतो.

फॅमिली पेन्शनसाठी रणांगणावर मरण यावं लागत नाही. पेन्शन घेऊन निवृत्त झालेला जवान म्हातारपणी घरी वारला, तरी पत्नीला ती मिळतेच. मृत्यू कसा झाला, यावरून फक्त दर बदलतो. साधारण फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. मृत्यू सेवेमुळे ओढवला असेल तर ‘स्पेशल’, म्हणजे ६० टक्के. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आलं तर ‘लिबरलाइज्ड’, म्हणजे शेवटचा पगार पूर्ण. साधारण पेन्शनही महिना ९,००० रुपयांच्या खाली येत नाही, आणि महागाई भत्ता त्यावर वेगळा.

‘नवऱ्याच्या निम्मी मिळते’ हेही सर्रास ऐकू येतं. हिशेब नवऱ्याच्या पेन्शनवर होत नाही, त्याच्या शेवटच्या पगारावर होतो. समजा, एका नायकाचा शेवटचा पगार ४०,००० होता आणि पेन्शन २०,००० बसली. तो ६३व्या वर्षी वारला, तर तो ६७ वर्षांचा झाला असता तोवर पत्नीला वाढीव दराने २०,०००च मिळतात आणि त्यानंतर १२,०००. हा वाढीव दर सात वर्षं किंवा त्याच्या वयाची ६७ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तिथवर. तो ७२व्या वर्षी गेला असता, तर पहिल्या महिन्यापासून १२,०००. वाढीव दर संपून रक्कम एकदम उतरली की बँकेत भांडणं होतात, कारण हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं. नवऱ्याने पेन्शन विकून, म्हणजे कम्युट करून, एकरकमी पैसे घेतले असतील तर त्याची वजावट फॅमिली पेन्शनमधून होत नाही.

मृत्युपत्र किंवा नॉमिनेशन करून फॅमिली पेन्शन हव्या त्या माणसाच्या नावे करता येत नाही. वारसाचा क्रम नियमानेच ठरलेला आहे: आधी पत्नी, मग मुलं. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, तोही अविवाहित आणि न कमावता असेल तरच. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला उत्पन्नाच्या अटीवर त्यापुढेही मिळते. दिव्यांग अपत्याला ती आयुष्यभर मिळू शकते. हे माहीत नसल्यानं कितीतरी आईवडील आपल्यामागे याचं कसं होणार म्हणून झुरत राहतात. निवृत्तीनंतर लग्न केलेल्या पत्नीला हक्क नाही, हाही गैरसमजच. सर्वोच्च न्यायालयाने भगवंती खटल्यात १९८९ सालीच तो हक्क मान्य केला आहे.

खरी अडवणूक होते ती नावापायी. भरतीनंतर लग्न झालं तेव्हा युनिटने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची अधिकृत नोंद, काढली, त्यात पत्नी ‘शालन’. आधारवर ‘शालिनी’, बँकेत ‘शालिनीबाई’. तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे सिद्ध करता करता महिने जातात. नवरा हयात असताना हीच दुरुस्ती त्याच्या एका अर्जाने रेकॉर्ड ऑफिसकडून होऊ शकते, मग ते मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं असो, तोफखान्याचं नाशिक रोडचं असो की बॉम्बे सॅपर्सचं खडकीचं. म्हणून डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, आजच उघडून पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून पाहा.

मृत्यू कळवायची घाई नको, एटीएममधून पैसे निघताहेत तोवर निघू देत, असा सल्लाही दिला जातो. तो ऐकू नका. मृत्यूनंतर जमा झालेली नवऱ्याची पेन्शन परत करावी लागते, आणि ती वसुली विधवेच्याच पैशातून होते. मृत्यूचा दाखला मिळताच ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंद करा. स्वतःला जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा सेवा केंद्र ती करून देतं. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला तिच्या नावाने द्यावा लागतो. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मात्र प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलं, तर मागची थकबाकी बऱ्याचदा तीन वर्षांपुरतीच मिळते.

फौजेनंतर नवऱ्याने सरकारी नोकरी केली असेल, तर दोन्हीकडची फॅमिली पेन्शन मिळू शकते. २४ सप्टेंबर २०१२ पासून हे लागू आहे, तरी दुसरा अर्ज न केलेली घरं आहेत. पत्नी स्वतः नोकरीत असली तरी तिचा हक्क जात नाही.

पुनर्विवाहाबद्दल तर गावात भीतीच घातली जाते. अपत्य नसलेल्या विधवेची साधारण पेन्शन, तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर, पुनर्विवाहानंतरही चालू राहते. स्पेशल आणि लिबरलाइज्ड पेन्शन मुलांचा सांभाळ करणाऱ्या पत्नीला लग्नानंतरही मिळते. शौर्यपदकाचा भत्ता मात्र पूर्वी तिने दिराशी लग्न केलं तरच चालू राहायचा. बाईने कुणाशी संसार करावा हे पेन्शनच्या कागदाने ठरवणारी ती अट २०१७ साली रद्द झाली. ती आधीच जायला हवी होती.

आणि ज्यांना पेन्शनच नव्हती, त्यांच्या विधवा? पंधरा वर्षं पुरी न करता घरी आलेल्या जवानांच्या पत्नींना सगळे सांगतात की तुमचं काही नाही. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना वयाच्या ६५ वर्षांनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळू शकतं. ते आपोआप येत नाही. डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, आणि विधवेकडे माजी सैनिक विधवा ओळखपत्र नसेल तर तेही तिथेच निघतं.