घरातल्या विजेच्या वायरमधून इंटरनेट! गाणी न अडकता ऐकण्यासाठी पॉवरलाइन अडॅप्टर घ्यावा का?

राउटर हॉलमध्ये आणि स्पीकर शेवटच्या खोलीत. मध्ये दोन-तीन जाड भिंती. मग गाणं मध्येच थांबतं. नवी केबल ओढायची तर भिंत फोडावी लागते. अशा वेळी पॉवरलाइन अडॅप्टर हा एक पर्याय असतो.

हे काम कसं करतं?

अडॅप्टर जोडीने मिळतात. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये लावून नेटवर्क केबलने राउटरला जोडायचा. दुसरा स्पीकरजवळ लावायचा. भारतात घरातली वीज 50 हर्ट्झवर वाहते, तर अडॅप्टर डेटा पाठवतो साधारण 2 मेगाहर्ट्झच्या पुढे. दोन्हींच्या फ्रिक्वेन्सीमध्ये प्रचंड अंतर असल्यामुळे एकाच वायरमधून दोन्ही जातात.

गाण्यांसाठी किती स्पीड लागतो?

फारच कमी. स्ट्रीमिंग अ‍ॅपवरचं चांगल्या दर्जाचं गाणं सेकंदाला 320 किलोबिट घेतं. सीडीचा मूळ दर्जा 1,411 किलोबिटचा, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. त्यामुळे बॉक्सवरच्या 600 किंवा 1000 या आकड्यांना भुलू नका. ते प्रयोगशाळेतले कमाल आकडे असतात, घरात त्याहून बराच कमी वेग मिळतो. गाण्यांना तोही पुरतो. खरा प्रश्न वेगाचा नाही, कनेक्शन स्थिर राहतं की नाही याचा आहे.

मग गाणं अडकतं कशामुळे?

- स्पाइक गार्ड, यूपीएस: यातले फिल्टर डेटाचा सिग्नलही अडवू शकतात. अडॅप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्येच लावा.
- मिक्सर, स्वस्त चार्जर, काही एलईडी दिवे: यांच्यामुळे वायरमध्ये 'गोंगाट' होतो. चार्जर अडॅप्टरपासून लांबच्या सॉकेटवर लावा.
- थ्री-फेज कनेक्शन: दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर सिग्नल कमजोर पडतो. इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनवरही हा त्रास होऊ शकतो.
- जुनी वायरिंग: सैल जोड आणि लांब वळसे वेग कमी करतात.

आवाजाचा दर्जा बिघडतो का?

नाही. डेटा डिजिटल असतो. चुकलेला भाग पुन्हा पाठवला जातो. तो वेळेत पोहोचला नाही तर गाणं थांबतं, पण त्यातला तबला किंवा बासरी 'फिकी' होत नाही. त्यामुळे केवळ आवाज सुधारेल म्हणून महागडं मॉडेल घेण्यात अर्थ नाही.

शेजाऱ्याला आपलं नेटवर्क मिळेल का?

मीटरपाशी सिग्नल बराच कमी होतो, पण तो तिथेच थांबेल याची खात्री नसते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दोन्ही अडॅप्टरवरचं 'पेअर' बटण दाबून स्वतःची एन्क्रिप्शन की तयार करा.

घेण्याआधी काय कराल?

आधी राउटरची जागा बदलून पाहा, त्याला पैसे लागत नाहीत. तरीही अडचण राहिली तर परत करता येईल असाच अडॅप्टर घ्या. तो लावल्यावर गाणं सुरू ठेवून मिक्सर फिरवा, चार्जर लावा. गाणं अडकलं नाही, तर तुमची वायरिंग या कामाला योग्य आहे.