पाणी बघायला रेल्वेनं

लातूर जिल्ह्यातल्या बायकांना रेल्वेचं आणि पाण्याचं नातं वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा सगळ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. आम्ही जळकोटच्या बायका त्या दिवसांत टँकरमागं धावत होतो. नावात 'जळ' असलेल्या गावाची ही तऱ्हा बघून पाहुणेरावळे हसायचे. आम्हीही हसायचो, पण घागर भरल्यावर!

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका दिवसाच्या सहलीचा विषय निघाला. कुणी तुळजापूर म्हणालं, कुणी शेगाव. मी म्हटलं, "आपण औरंगाबादची नहर बघायला जाऊ या. चारशे वर्षांपूर्वीची पाणीपुरवठा योजना आहे." गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशी लगेच म्हणाल्या, "अगं बाई, पानी बघायला पैसे घालून जायचं? जलम गेला की पानी बघन्यात!" सगळ्या खळखळून हसल्या. पण बीबी का मकबराही बघायचा, एवढ्या अटीवर बेत ठरला. त्या शहराचं नाव २०२३ मध्ये सरकारी कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर झालं आहे. बोलण्यात मात्र आमच्याकडं अजून दोन्ही नावं चालतात.

जळकोटला रेल्वे नाही. आदल्या दिवशी दुपारी आम्ही एसटीनं नांदेड गाठलं. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालंय, त्याचा मोठा आधार वाटतो. रात्री गटातल्या एकीच्या लेकीकडं मुक्काम केला आणि पहाटे अंधारातच मराठवाडा एक्सप्रेस पकडली. धर्माबादहून मनमाडला जाणारी ही गाडी म्हणजे आपल्या भागाचं चालतं-बोलतं रूप. औरंगाबादेत १९८१ पासून हायकोर्टाचं खंडपीठ आहे, त्यामुळं फायली छातीशी धरून बसलेले पक्षकार हमखास भेटतात. शिवाय दवाखान्याला निघालेले, परीक्षेला निघालेले आणि आमच्यासारखे डबे घेऊन निघालेले. पूर्णा, परभणी, सेलू, जालना अशी स्टेशनं मागं पडत गेली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा यांनी परभणीच्या आधीच तळ गाठला.

आता एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. गाडीत माझ्या शेजारी आमच्या समोरच्या घरातल्या वहिनी आल्या. एकाच गल्लीत, एकाच गटात असून आम्ही दोघी २०१६ पासून कामापुरतंच बोलत होतो. कारण काय, तर टँकर! त्या उन्हाळ्यात नळीला आधी कुणी हात घातला यावरून आमची भर रस्त्यात जुंपली होती. ओढाताणीत माझा हंडा खाली पडला, त्याला पोचा आला आणि मी रागानं तो तिथंच टाकून घरी गेले. पुन्हा चौकशीही केली नाही. शिकलेली बाई मी, गटाच्या बैठकीत एकीचं बळ सांगणारी! दोन घागरींसाठी काय काय बोलले होते, ते आठवून अजूनही मान खाली जाते. जालन्यापर्यंत आम्ही दोघी खिडकीबाहेरच बघत होतो.

स्टेशनवरून रिक्षा करून आधी पाणचक्कीला गेलो. महमूद दरवाज्याला लागून, खाम नदीच्या काठी हे ठिकाण आहे. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गाही इथंच आहे. मोठा हौद, त्यावर सावली धरणारं वडाचं झाड आणि उंच भिंतीवरून हौदात पडणारं पाणी. आमच्या बायका पायऱ्यांवर बसल्या त्या उठायलाच तयार होईनात.

इथलं पाणी काही मैल लांबच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून येतं. वाटेत ना मोटार, ना इंजिन. मग ते एवढ्या उंच भिंतीवर चढतं कसं? गवंडी पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी धरतात, ती आठवा. एका टोकाला पाणी जेवढं उंच, तेवढंच दुसऱ्या टोकाला चढतं. डोंगरातला उगम उंचावर आणि शहर सखल भागात, म्हणून बंद नळातलं पाणी आपल्याच दाबानं वर चढतं. त्या पाण्याच्या झोतावर अठराव्या शतकापासून इथं दगडी जातं फिरवलं जायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी दळण व्हायचं. जातं बघून थोरल्या मावशींनी कपाळाला हात लावला. "आमी पहाटं चारला उठून दळत होतो, तवा ही चक्की कुठं होती गं?"

हौदाखाली एक दालन आहे. हौदाचा तळ म्हणजेच त्या दालनाचं छत! वर पाणी, खाली गारवा. हौदात जास्त झालेलं पाणी खाम नदीत सोडायची सोय केलेली.

पाणचक्कीची नहर पुढच्या काळातली. शहराची पहिली मोठी नहर मलिक अंबरची, नहर-ए-अंबरी. हा माणूस आजच्या इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता वजीर झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी नावाचं शहर वसवलं, तेच पुढं औरंगाबाद झालं. नावच खडकी, म्हणजे जमीन कशी असेल ते आलंच. वस्ती वाढवायची तर आधी पाणी हवं, म्हणून त्यानं शहराच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली बोगदे खणवले. डोंगरात मुरलेलं पाणी माठाच्या पाझरासारखं त्यात झिरपतं, गोळा होतं आणि उतारानं शहराकडं चालू लागतं. वाटेत ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी तोंडं ठेवलेली. त्यातून हवा खेळायची, आणि माणूस आत उतरून गाळ काढायचा. पुढं नळांतून ते पाणी गल्लोगल्लीच्या हौदांत जायचं. वर झाकलेलं असल्यानं उन्हानं आटायचं नाही. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, त्याची नहर मात्र पुढं कित्येक पिढ्यांना पाणी पाजत राहिली.

मग आज ती कुठं आहे? हा प्रश्न मी पाणचक्कीतल्या एका वयस्कर गृहस्थांना विचारला. ते म्हणाले, "ताई, जमिनीखालीच आहे, पण लोक विसरले." पैठणच्या जायकवाडीचं पाणी नळानं घरात आल्यावर नहरीची गरज वाटेनाशी झाली. तिच्यावर घरं झाली, रस्ते झाले, कुठं नळ फुटले, कुठं सांडपाणी शिरलं. गाळ काढायची तोंडंच बुजली तर नहर जगणार कशी? आणि शहराला पाण्याची चणचण तर आहेच!

हे ऐकताना मला आमच्या गल्लीतला आड दिसायला लागला. माझ्या सासूबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्याच आडाचं पाणी शेंदायच्या. घरात नळ आले आणि आडाची दोरी गेली. नंतर त्यात निर्माल्य पडायला लागलं, मग प्लास्टिकच्या पिशव्या, मग काय वाटेल ते. टाकणारं कुणी परकं नव्हतं, आम्हीच होतो. आता तो बुजवून वर कट्टा करायचं गल्लीत चाललं होतं. आणि मी स्वतः त्या कागदावर सही केली होती.

मी हे बोलून दाखवल्यावर सगळ्या गप्प झाल्या. समोरच्या वहिनी हौदाकडं बघत म्हणाल्या, "सही मीबी केलीया." थोडं थांबून पुढं म्हणाल्या, "तुमचा हंडा माझ्यापाशीच हाय बरं का. पोचा काढून ठिवलाय. द्यायला यावं म्हनलं, पर पाय उचलंना." मला काही बोलताच आलं नाही. मी नुसता त्यांचा हात धरला.

मग मकबरा पाहिला, हिमरू शालींचे भाव विचारले, एकीनं घेतलीसुद्धा. मलिक अंबरनं १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा रिक्षातूनच पाहिला. संध्याकाळी तीच मराठवाडा एक्सप्रेस मनमाडहून परत येते, तिनं रात्री उशिरा नांदेड गाठलं. येताना आम्हा दोघींना खिडकीबाहेर बघायला सवड झाली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात बुजवायच्या कागदावरच्या सह्या आम्ही मागं घेतल्या आणि आड साफ करायचं ठरवलं. थोडे पैसे गटातून, थोडे घरटी वर्गणीतून. घरच्या पुरुष मंडळींनी आधी नाकं मुरडली, नंतर ट्रॅक्टर आणून दिला. आतापर्यंत दोन ट्रॉल्या कचरा आणि गाळ निघालाय. तळ अजून दिसलेला नाही, पण कडेचे दगड ओले लागतायत. हे पाणी तपासल्याशिवाय पिणार नाही. धुण्याभांड्याला झालं तरी उन्हाळ्यातल्या किती खेपा वाचतील!

मैत्रिणींनो, तुम्हीही एकदा जरूर जा. शक्यतो पाऊस सरल्यावर जा, ऐन उन्हाळ्यात पाणचक्कीचा झोत रोडावतो. निघण्याआधी गाडीची वेळ स्टेशनवर विचारून घ्या. आणि तुमच्याही गावात असा आड किंवा बारव असेल, तर बुजवायच्या कागदावर सही करण्याआधी चार जणी बसून विचार करा. एक मात्र ध्यानात ठेवा, जुन्या आडात कुणालाही घाईनं उतरवू नका. तळाशी विषारी वायू साठलेला असतो, त्यानं जीव जातात. हे काम जाणत्या माणसांकडूनच करून घ्या.

माझा हंडा घरी आलाय. पोच्याची खूण थोडी राहिलीय, ती असू दे. आडाला पाणी लागलं की पहिला तोच भरायचा, असं आम्ही दोघींनी ठरवलंय.