गिअर पडत नाही? आधी कारण शोधा!

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आम्ही रात्री नाशिकला परत निघालो होतो. गाडी जुनी, मारुती 800. घरच्या कर्त्या माणसाने पै-पै साठवून घेतलेली. मागच्या सीटवर आजी आणि दोन मुले झोपली होती. कसारा घाटाची चढण लागली. दुसरा गिअर टाकायला हात घातला, तर दांडी ताकातल्या रवीसारखी नुसतीच फिरू लागली. गाडी मागे सरकू लागली. हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकांमागे दगड लावले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुढे मोठ्या मुश्किलीने पहिला गिअर पडला आणि त्याच गिअरवर रखडत इगतपुरी गाठली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निकाल दिला, ''गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल. आठ-नऊ हजार धरून चाला.'' घरात सगळे डोक्याला हात लावून बसले. मुलांच्या फीचे पैसे त्यात जाणार होते. तेवढ्यात आमच्या वस्तीतले एक निवृत्त फिटर काका आले. सातपूरच्या कारखान्यात त्यांची हयात गेलेली. ते म्हणाले, ''पैसे द्यायचेच आहेत तर उद्या द्या. आज आधी बघू तर खरं.''

गाडी सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर चढवली. काका खाली उभे राहिले आणि आम्हाला इंजिन बंद ठेवून गिअरची दांडी हलवायला सांगितली. वर दांडी वीतभर हलत होती. खाली गिअरबॉक्सकडे जाणारी सळई मात्र जागची हलत नव्हती. दोघींच्या सांध्यातले बुश झिजून गेले होते! नवीन बुश घातले, बोल्ट आवळला, ग्रीस लावले. खर्च दोनशे रुपयांच्या आत. गिअरबॉक्स ठणठणीत होता.

वाचक बंधू-भगिनींनो, मारुती 800 चे उत्पादन 2014 साली बंद झाले. अॅम्बेसेडरही त्याच साली थांबली. तरी अशा जुन्या गाड्या आजही कष्टकऱ्यांच्या दारात उभ्या आहेत. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी.

गिअरची दांडी स्वतः गिअर बदलत नाही. ती फक्त हाताचा निरोप गिअरबॉक्सपर्यंत पोचवते. जुन्या जीपमध्ये दांडी थेट गिअरबॉक्सवर बसवलेली असते. जुन्या पद्मिनीत ती स्टिअरिंगजवळ असून निरोप सळयांमधून खाली जातो. मारुती 800 मध्ये दांडीच्या बुडाशी प्लास्टिकची बैठक असते आणि तिथून गाडीखालून सळई पुढे जाते. सांधे जितके जास्त, तितक्या झिजण्याच्या जागा जास्त. निरोप वाटेतच हरवला, तर त्यात गिअरबॉक्सचा काय दोष?

दोष कुठे आहे, हे पुढील तपासणीने बरेचसे कळते.

पहिली : गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा अडला, तर गाडी थोडी ढकलून पुन्हा पाहा. कारण उभ्या गाडीत आतले दात कधीकधी समोरासमोर येतात.

दुसरी : इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर अडतात आणि रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो? मग आधी क्लच तपासा. क्लचची वायर सैल झाली असेल, तर ती नीट करून घेतली की पुष्कळदा काम भागते.

तिसरी : दांडी सैल आहे, हव्या त्या गिअरऐवजी दुसराच पडतो? मग बुश, बैठक, सळईचे बोल्ट पाहा. एकाने दांडी हलवावी, दुसऱ्याने खाली पाहावे.

चौथी : गिअर टाकला की आपोआप सुटतो? सळईची जुळवणी आणि इंजिन-गिअरबॉक्सची रबरी फाउंडेशन पाहा. ती फाटली असेल, तर गिअरबॉक्सच हलतो आणि गिअर सुटतो.

पाचवी : बाहेरचे सगळे ठीक आहे, पण एकाच गिअरला दरवेळी करकर होते किंवा तोच सुटतो? तर दोष आत असण्याचा संभव मोठा. आधी गिअर ऑइल पाहा. मगच गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करा.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. विटांचाही भरवसा धरू नका. रॅम्प किंवा खड्डा असलेली जागाच बरी. तपासताना किल्ली खिशात ठेवा, चाकांना अडण लावा. आणि गिअर सुटणारी गाडी दुरुस्त केल्याशिवाय घाटात नेऊ नका. उतारावर गिअर सुटला, की सगळा भार ब्रेकवर येतो. गाडी चालवताना दांडीवर हात टेकून ठेवण्याची सवयही सोडा. तिनेही झीज वाढते.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले, की केवळ कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आपण वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि पाहा! त्या दिवशी काकांनी दुसरे काय केले? दुःख आहे तर त्याला कारण आहे, हे त्यांनी गाडीखाली उभे राहून दाखवले.

1942 साली बाबासाहेबांनी ब्रिटिश सरकारकडे दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी मदत मागितली होती. आज सातपूरला सरकारी आय.टी.आय. आहे. तिथे मुलांना पाठवा, मुलींनाही पाठवा. ज्याला यंत्र कळते, त्याला अडाणी समजून कोणी लुटू शकत नाही.

त्या आजी पुन्हा चैत्यभूमीला निघायच्या तयारीत आहेत. यंदा निघण्यापूर्वी गिअरची दांडी त्यांचा नातू स्वतः हलवून पाहणार आहे. तुम्हीही पाहा.

जयभीम!