दाताचे रोपण आणि त्यानंतरचे दिवस



दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. चण्यांच्या बाजूने, म्हणजे पगारवाढीसाठी, मी पुष्कळ भाषणे केली. आज दातांची बाजू मांडावयाची आहे. मी दंतवैद्य नव्हे. परंतु खालच्या जबड्यात एक दाढ बसवून घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा जे विचारले, वाचले आणि सोसले, ते आपल्यापुढे ठेवतो.

दाढ पडली की केवळ एक फट पडते, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. हाडाला चावण्याचा भार मिळत असतो तोवर ते टिकते. भार गेला की ते झिजू लागते. शेजारचे दात फटीकडे कलतात, समोरचा दात लांबतो. मग कळण्याची भाकरी डाव्या बाजूने खावी की उजव्या, असा रोजचा हिशेब सुरू होतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला काढघाल करता येणारी कवळी. दुसरा पूल, यात शेजारचे दोन दात कोरून त्यांच्या आधाराने मधला दात बसवितात. तिसरा इम्प्लांट, म्हणजे दंतरोपण. यात हाडात टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू बसवितात. हा झाला दाताचा मूळ. त्यावर एक खुंट आणि खुंटावर दाताच्या आकाराची टोपी.

हाड परक्या धातूला आपलेसे कसे करते? हा शोध काहीसा अपघातानेच लागला. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसविलेले टायटॅनियमचे उपकरण पुढे काढावयास गेले तो ते निघेना. हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले. तज्ज्ञांची मान्यता मिळण्यास मात्र १९८२ ची टोरोंटो येथील परिषद उजाडावी लागली.

शस्त्रक्रियेपूर्वी जबड्याचा एक्स-रे किंवा स्कॅन काढतात. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, वरच्या दाढांच्या वर पोकळी असते; दोन्ही टाळून छिद्र पाडावयाचे असते. छिद्र पाडताना सतत थंड सलाइनचे पाणी सोडतात. कारण हाड सुमारे ४७ अंशांवर मिनिटभर तापले तरी त्याला इजा होते. मे महिन्यात जळगावचा पारा कोठे जातो ते आपण जाणताच. हाडाची सहनशक्ती त्याच्या थोडीशीच पुढे आहे! जागा बधिर केलेली असल्याने त्या वेळी दुखत नाही; दाब आणि घरघर तेवढी जाणवते.

खरी कसोटी घरी आल्यावर. गॉजचा बोळा सांगितला तितका वेळ, साधारण अर्धा तास, दाबून धरावा. पहिल्या दिवशी चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघाली की रक्त पुन्हा सुरू होते. गालावर बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहापंधरा मिनिटे ठेवावा, मग काढावा, पुन्हा ठेवावा. उशी उंच घ्यावी. कढत चहा दुसऱ्या दिवसावर टाकावा. त्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. आरशात पाहून घाबरू नये. नंतर ती उतरू लागते. अन्न मऊ असावे: वरण-भात, खिचडी, आणि आपल्या रावेर-यावलची केळी तर हाताशीच आहेत. शेव आणि मिरचीचा ठेचा काही दिवस दूर ठेवावा. औषधे सांगितली तितके दिवस पुरी घ्यावीत. टाके साधारण सात ते दहा दिवसांत निघतात. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पू किंवा ताप आला, रक्त थांबेना किंवा ओठ बधिरच राहिला, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

टाके निघाले म्हणजे काम संपले असे नाही. हाड स्क्रूला धरण्यास बहुधा खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या, अधिक सच्छिद्र जबड्यात सहा महिनेपर्यंत लागतात. टोपी बहुधा त्यानंतरच. या काळात तंबाखूची चिमूट, विडी आणि मिश्री यांच्याशी फारकत घेतलीच पाहिजे. धुराने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि रोपण निष्फळ होण्याचा धोका वाढतो. मधुमेह काबूत नसेल तर जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे चालू असतील तर ती आधी सांगावीत. मनाने बंद करू नयेत.

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस जड ओझे उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. धुळ्याच्या यंत्रमागावरील किंवा जळगावच्या डाळ मिलमधील रोजंदारीच्या माणसाला हा सल्ला औषधाहून महाग पडतो. १९४८ च्या राज्य विमा कायद्यातही आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळलेले होते; आणि दाताच्या बाबतीत कठीण असतात ते हेच दिवस! म्हणून माझे सांगणे असे की, डॉक्टरांकडून विश्रांतीचा दाखला लेखी मागून घ्यावा आणि करारात आजाराच्या पगारी रजेचे कलम पहिल्या दिवसापासून मागावे.

रोपण खर्चिक आहे, आणि ते सर्वांनी करावे असेही नाही. नीट बसलेली कवळी घालण्यात कमीपणा नाही. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, तेथे चौकशी अवश्य करावी. पण सर्वांत स्वस्त दात तो, जो अजून आपल्या तोंडात आहे. हिरडीतून रक्त येऊ लागले की ‘दुखत तर नाही’ म्हणून गप्प बसू नये. दुखू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हे गिरणीच्या गेटवर जितके खरे, तितकेच जबड्यातही खरे आहे.